सत्तेचाळीस नंबरचा जादा तास

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. एप्रिलची तेवीस तारीख, मंगळवार. शेखरसर सकाळी सातला एकट्या हर्षलसाठी जादा तास घ्यायला वर्गात उभे होते आणि समोरचे बाक रिकामे होते. सात वाजून पाच मिनिटांनी त्यांनी रजिस्टर मिटलं. सव्वासातला फोन आला. हर्षल गेला होता. ओझरहून रात्रपाळी संपवून मोटरसायकलवर येताना, हायवेला, ट्रकखाली.

इथं महेबूबचाचा थांबले. लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, आणि आता पंचवटीतली अभ्यासिका रात्री तेच सांभाळतात. लाइट गेले होते. कायद्याची चार-पाच पोरं पुस्तकं मिटून पायऱ्यांवर बसली होती.

"एकट्या पोरासाठी जादा तास?" राज म्हणाला. "चाचा, आमचे सर नेहमीचेसुद्धा घेत नाहीत."

"म्हणून तर सांगतोय. सरांनी स्वतः सांगितलंय मला, माझ्यासमोर चहा गार करत."

शेखरसर दिवाणी कायदा शिकवायचे. हजेरीला फार कडक. साठातले पंचेचाळीस तास भरले नाहीत की नाव यादीत, आणि यादीत नाव आलं की परीक्षेला बसता यायचं नाही. हर्षल नामपूरचा. रात्री एका वर्कशॉपात काम, सकाळी कॉलेज. शेवटचं सत्र होतं, आणि त्याचे त्रेचाळीस भरले होते.

"सर, दोनच कमी आहेत," तो म्हणाला होता. "शिफ्ट सहाला सुटते. अर्ज देऊ का?"

"कोर्टात हेच सांगणार का? शिफ्ट होती म्हणून मुदत वाढवा?" सर म्हणाले. मग जरा नरमले. "मंगळवारी आणि बुधवारी सातला मी तास घेतो. दोन्हीला ये. पाच मिनिटं उशीर झाला तर येऊ नकोस."

असं ते सहज बोलायचे. सगळ्यांनाच बोलायचे.

गुरुवारी हर्षलच्या घरची माणसं अस्थी घेऊन रामकुंडावर आली. सर गेले होते. पोराच्या आईनं, चंद्रभागाबाईनं, त्यांना ओळखलं. ती रडत नव्हती. रडून झालेलं होतं.

"सर," ती म्हणाली, "त्यानं वरीस वाया तं नही ना गयं?"

सर म्हणाले, "नाही, ताई. त्याचं वर्ष नाही गेलं वाया."

बोलून बसले खरं. पण शुक्रवारी सकाळी यादी ऑफिसात द्यायची होती आणि रजिस्टरमध्ये आकडा त्रेचाळीसच होता. ऑफिसातल्या स्नेहल मॅडम गुरुवारी सकाळीच म्हणाल्या होत्या, "सर, गेलेल्या मुलाचं नाव काढूनच टाका ना. ना यादीत, ना बाहेर." सरांना ते जमेना. त्यांची बायको, छायाताई, गेल्या तेव्हा रेशनकार्डावरचं नाव काढायलाही त्यांना आठ महिने लागले होते.

तर त्या गुरुवारी, पंचवीस तारखेला, रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सर कॉलेजात आले. घरी बसून तरी काय करायचं होतं. स्टाफरूमला कुलूप होतं, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्याच वर्गात जाऊन टेबलाशी बसले. एक ट्यूब लावली. रजिस्टर उघडलं, आणि एकेक नंबर पुटपुटत आकडे ताडून पाहू लागले.

पंचेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस.

"प्रेझेंट, सर."

सरांनी वर पाहिलं नाही. वीस वर्षांची सवय. हाताने खूण केली आणि मग हात तिथंच थांबला.

पंखा बंद होता. खाली वॉचमनचा रेडिओ चालू होता, तोही ऐकू येईना.

"आत येऊ, सर?"

दारात हर्षल. वर्कशॉपचा निळा शर्ट. पाठीला बॅग. एका पायात बूट होता. दुसऱ्यात...

"उशीर झाला, सर."

सरांना म्हणायचं होतं, असू दे. नुसती मान हलली. पोरगं आत आलं, तिसऱ्या बाकावर बसलं. वही काढली.

"दोन राहिलेत ना, सर?"

"...हो."

"घ्या मग."

सर उठले. काय करणार? उठले, आणि फळ्याशी गेले. शेवटचं प्रकरण राहिलं होतं तेच घेतलं. मुदतीचा कायदा. उशीर कधी माफ होतो. पुरेसं कारण म्हणजे काय. आजारपण. पूर. वकिलाची चूक. मागे वळून बघवेना. पेन चालल्याचा आवाज येत होता. बारीक. सारखा.

मग तो थांबला.

"सर, आणि माणूस वाटेत असला तर?"

सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. खडू हातात. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"उद्या येऊ, सर?"

...

ते वळले तेव्हा बाक रिकामा होता.

पायऱ्यांवर आफिया नावाची एक मुलगी होती, तिनं ओढणी अंगाभोवती घट्ट घेतली. "चाचा, माणूस थकलेला असला की दिसतं असं काहीबाही," ती म्हणाली.

"मीही त्यांना तेच म्हणालो, बेटा."

शुक्रवारी सकाळी स्नेहल मॅडम यादीसाठी मशीनचा कागद काढून बसल्या होत्या. कॉलेजात प्रत्येक वर्गाच्या दाराशी अंगठ्याचं मशीन आहे. रजिस्टरशी ते ताडून पाहावं लागतं. "सर, हे बघा ना," त्या म्हणाल्या. "मशीन बिघडलंय वाटतं."

रोल नंबर सत्तेचाळीस. एकूण तास चव्वेचाळीस. शेवटचा अंगठा गुरुवारी रात्री, नऊ वाजून बावन्न मिनिटांनी.

सरांनी तो कागद मागून घेतला. "नंतर मलाही दाखवला," चाचा म्हणाले. "मी दोनदा वाचला."

"मग शुक्रवारी रात्री सर गेले का?" राजनं विचारलं. आवाजात आता थट्टा नव्हती.

चाचांनी नकारार्थी मान हलवली.

"निघाले होते. फाटकापर्यंत गेले. वरच्या मजल्यावर ट्यूब लागलेली दिसली, तसे परत फिरले. जूनमध्ये नोकरी सोडली. मुलीकडे असतात आता."

"आणि तो दुसरा तास?"

"तो कुणी घेतला नाही."