चादर मात्र कोरडी होती

ही घटना खरी आहे. सादिया माझ्या बहिणीसोबत नर्सिंग शिकलेली. तिनेच हे सांगितलं, आणि सांगताना दोनदा उठून पाणी प्यायली.

आणि हे रात्री घडलेलं नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, महाडच्या एका खासगी दवाखान्यात, भर दुपारी घडलं.

सादिया तिथे आयसीयूत नर्स. सहा खाटा, पेशंट बहुतेक सत्तरीपुढचे. रोज सकाळी ती प्रत्येकाचं बीपी, श्वास, रक्ताचे रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये भरायची. मग एक आकडा यायचा. पेशंट वाचण्याची शक्यता किती, ते सांगणारा. डॉक्टर त्यावरूनच नातेवाइकांशी बोलायचे.

आकडा सहसा चुकत नसे.

जूनमध्ये चुकला.

नाते गावच्या येसूबाईंना दुसऱ्या दिवशी वॉर्डात हलवायचं ठरलं होतं. सादिया त्यांचं पांघरूण सारखं करायला गेली, तर...

पाय ओले.

घोट्यापर्यंत. कुणीतरी नुकतेच धुतल्यासारखे. चादर मात्र कोरडी होती.

तासाभरात येसूबाई गेल्या.

जुलैत आणखी दोघं. दोघांचे आकडे चांगले. दोघांचेही पाय... ओले.

तिने आयसीयूतल्या मावशींना विचारलं.

"मी नाय धुतले गो कुणाचे पाय," मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून सादिया फेरी मारताना प्रत्येकाच्या पांघरुणाखाली गुपचूप हात घालायची. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

ऑगस्टमध्ये तिची स्वतःची दादी, सकिना, न्यूमोनियाने तिथेच दाखल झाली. चार नंबरची खाट. शेजारी पाच नंबरला पोलादपूरकडचे गोमाजी. त्या दिवशी सहाही जणांत गोमाजींचा आकडा सगळ्यात चांगला होता.

त्यांची बायको तुळसा तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती.

"बाय, खरं सांग. मी घरी जाऊन येऊ काय? गुरं उपाशी हायत. यांना काय होनार तर नाय ना?"

सादियाचं सगळं लक्ष आत, दादीकडे. पाच नंबरच्या पांघरुणाखाली तिने त्या दिवशी हात घातलाच नव्हता.

"जा आजी. रिपोर्ट चांगले आहेत."

तुळसा दोनच्या एसटीने गेली.

अडीच वाजता सादियाने दादीच्या पायांना हात लावला...

गार पाणी.

तिने टॉवेलने पुसले. पुन्हा ओले. पुन्हा पुसले. पुन्हा ओले.

तिने दोन्ही पाय टॉवेलात गुंडाळून छातीशी धरले. खाटेजवळ दुसरं कुणी नव्हतं. फक्त पाणी ओतल्याचा बारीक आवाज... तिच्या बोटांजवळ.

दादीने डोळे उघडले.

"पुसू नको गो. ती रागावतेय."

"कोण, दादी?"

दादीची नजर सावकाश सरकत गेली... उठून चालत जाणाऱ्या कुणाच्या तरी मागोमाग.

टॉवेलातले पाय आता कोरडे होते.

आवाज पलीकडून येऊ लागला. पाच नंबरकडून.

सादियाला कळलं. दोन पावलांवर होती ती खाट. पण तिचे हात दादीचे पाय सोडेनात.

अलार्म वाजला तेव्हा ती धावली. डॉक्टरांनी पाऊण तास खटपट केली.

गोमाजी गेले.

संध्याकाळी तुळसा आली. रडली नाही. सादियाकडे बघत राहिली.

"तू सांगितलंस म्हनून मी घरी गेले गो," एवढंच म्हणाली.

सादिया अजून तिथेच आहे. आता आकडा कितीही चांगला असो, नातेवाइकांनी विचारलं की ती सांगते, "थांबा."

दादी बरी होऊन दासगावला घरी आहे. त्या दुपारचं नाव काढत नाही. मागच्या महिन्यात मात्र जेवता जेवता थांबली.

"त्या माणसाची बायको एकटीच राहते का गो?"

सादियाने होकारार्थी मान हलवली.

"तू माझे पाय सोडायला हवे होतेस," दादी म्हणाली, आणि भाकरी मोडू लागली.