टण की थप

लखनौच्या अमीनाबाद बाजारात कापड घ्यायला गेले की मी दुकानदाराचा जीव खाते. त्या दिवशीही सुटाचं कापड उजेडात धरून उभा धागा कुठला, आडवा कुठला, तिरकं ओढलं तर किती सरकतं, सगळं बघत होते. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मैडम, कपड़ा ले रही हैं या इम्तिहान?"

वळून पाहिलं. उंच, सावळा, डोळ्यांत हसू... मी मराठीत पुटपुटले, "आगाऊ कुठला!"

"जी, शुक्रिया," तो अगदी अदबीनं म्हणाला.

सोमवारी कारखान्यात गेले, तर तपासणी विभागात नवा इंजिनिअर म्हणून हाच उभा! ऋषभ जैन, पक्का लखनौचा.

आमची कंपनी लहान विमानांची दारं आणि पंखांचे भाग बनवते. तेही कार्बनच्या कापडाचे. चिकट रेझिन प्यायलेलं काळं कापड थरावर थर लावायचं, प्रत्येक थराचा धागा वेगळ्या दिशेला, आणि मग भल्यामोठ्या प्रेशर कुकरसारख्या भट्टीत शिजवायचं. सांगलीत आई शेजारणींना सांगते, "आमची पूर्वा लखनौला विमानं शिवते." थर लावायचं काम माझं, तपासायचं त्याचं. तो रुपयाचं नाणं घेऊन तयार भागावर ठोकत जायचा. टण वाजलं तर थर घट्ट. थप वाजलं, तर आत कुठेतरी दोन थर सुटलेले.

थर लावायच्या खोलीत टोपी, मास्क, पांढरा कोट. माणसाचे फक्त डोळे दिसतात. तेवढे पुरले की!

लवकरच त्याला मराठी शिकायची हौस आली. "मराठी तो हिंदी ही है, बस ज़रा कड़क," असं त्याचं मत. एकदा चहाच्या सुट्टीत मोठ्या ऐटीत विचारलं, "पूर्वाजी, तुमची शिक्षा कुठे झाली?"

"होतेय की अजून. तुमच्यासमोर बसलेय ना!"

मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षण नाही, सज़ा, हे कळल्यावर तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मी इतकी हसले की चहा सांडला. त्याच दिवशी मला कळलं, आपलं काही खरं नाही.

आणि नेमका तेव्हाच बाबांचा फोन. "सांगलीचंच स्थळ आहे, मुलगा बँकेत. रविवारपर्यंत हो-नाही कळव." काय कळवू? ज्याच्यासाठी नाही म्हणायचं, त्यानं तोंड तर उघडायला हवं! जीव घुसमटला म्हणून बरोबर काम करणाऱ्या नयनाला सांगितलं. नयनाला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं.

दुसऱ्याच दिवशी ऋषभ माझ्या टेबलाशी आला. पाठ केल्यासारखा, एकेक शब्द जपून म्हणाला, "पूर्वाजी... तुमचं लग्न बघून... मला फार आनंद होतो."

आनंद होतो? "आभारी आहे," एवढंच म्हणून मी पाठ फिरवली. रडू येत होतं, आणि रागही... त्याचा, नयनाचा, सांगलीच्या त्या बिचाऱ्या बँकवाल्याचाही. तशीच रागारागात थर लावत राहिले.

शनिवारी त्यानं मला तपासणी विभागात बोलावलं. मी लावलेला तुकडा समोर होता. नाणं वाजू लागलं. टण, टण... थप.

"फिल्म अंदर रह गई," तो हळूच म्हणाला. प्रत्येक थराच्या पाठीला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो सोलायचा राहिला की थर एकमेकांना धरतच नाहीत. शिकाऊ माणसाची चूक! नशीब, चाचणीचा तुकडा होता.

"पूर्वाजी... आज तुमचं लग्न कुठे गेलं?"

"कुठे जाणार? सांगलीला!" मी भडकले. "उद्या होकार कळवतेय. तुम्हाला आनंद होतोय ना? मग वाजवा बँड!"

"बैंड?" तो गोंधळला. "लग्न... मतलब—"

"शादी!"

त्याच्या हातातलं नाणं पडून घरंगळत गेलं. "शादी? मैं तो लगन कह रहा था! लगन से काम करना... मन लगाकर! ज़रा कड़क करके बोला, बस—"

मला आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं. शिक्षेचा धडा मिळूनही मी ओळखू नये?

"तो सांगली..." त्याचा आवाज बारीक झाला. "हाँ कर दी?"

"अजून नाही."

"मत कीजिए."

"का? मराठीत सांगा."

त्यानं नाणं उचललं. बोटांत फिरवत राहिला. "मला... तुमचं लग्न... माझ्यासोबत... बघायचं आहे."

"बघायचं नसतं, करायचं असतं. म्हण, मला तुझ्याशी लग्न करायचं आहे."

तो म्हणाला. न अडखळता, माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला. मी त्याच्या हातातलं नाणं घेतलं आणि टेबलावर वाजवलं. टण!

"पास," मी म्हटलं.

रविवारी लखनौतल्याच कपूरथला चौकातल्या एसटीडी बूथमध्ये आम्ही दोघं कसेबसे मावलो. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दे त्याला फोन."

ऋषभनं रिसीव्हर घेतला. घसा खाकरून म्हणाला, "नमस्कार काका. मी ऋषभ. माझी शिक्षा कानपूरला झाली."

पलीकडून बाबांचा आवाज मलाही ऐकू आला. "अरे बापरे! आणि सुटलास कधी?"

मी रिसीव्हर ओढून घेतला. "सुटला नाहीये, बाबा. जन्मठेप आहे. माझ्याकडे."