चार वाजताचा रुग्ण

वाऱ्याने छत्री उलटी केली नसती, तर ती त्या दुकानाची पायरी कधी चढलीच नसती. आणि पायरीवर उभं राहून छत्रीच्या काड्यांशी झटापट करताना तिने सहज काचेतून आत पाहिलं नसतं, तर... पण पाहिलं खरं.

आत टेबलावर एक व्हायोलिन उताणं पडलं होतं. एक तरुण त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून, श्वास रोखून ऐकत होता आणि दुसऱ्या हाताने त्याला हळूच टिचक्या मारत होता. एरवी तिला हसू फुटलं असतं. पण स्टेथोस्कोपच्या नळीला हिरवी चिकटपट्टी होती, आणि ती पट्टी तिनेच शाळेत असताना गुंडाळली होती. तो तिच्या आजोबांचा स्टेथोस्कोप होता. आजोबांना जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि तेव्हापासून ती आणि आत्या त्याच्यासाठी घराचा कोपरा न् कोपरा धुंडाळत होत्या.

ती तरातरा आत शिरली.

“हा कुठून चोरलात?”

तरुणाने दचकून डोळे उघडले. नळ्या कानातच होत्या, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. मग तिने वाकून थेट स्टेथोस्कोपच्या चकतीलाच तोंड लावलं.

“कुठून— चोरलात— म्हणते मी!”

“अहो, अहो! कान फुटतील माझे!” त्याने घाईघाईने नळ्या काढल्या. “चोरला नाही, दिलाय. डॉक्टरांनी दिलाय.” मग तिच्याकडे नीट पाहिल्यावर त्याचा चेहराच उतरला. “तुम्ही... नात ना?”

पण तेवढ्यात तिला त्याच्या मागची भिंत दिसली. तिथे आजोबांचं व्हायोलिन टांगलेलं होतं.

आता या व्हायोलिनची गोष्ट सांगायलाच हवी. आजोबांनी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, पण त्यांचा अर्धा जीव कायम संगीतात. घसा तपासताना ते रुग्णाला ‘आ’ म्हणायला लावत आणि तो सुरात लागेपर्यंत सोडत नसत. निवृत्तीनंतर तर काय, मोकळं रानच मिळालं. रोज दुपारी चारच्या ठोक्याला व्हायोलिन सुरू. ती त्यांच्याजवळच राहायची. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिची पहाटेची पाळी, त्यामुळे दुपारची झोप हीच खरी झोप. वर्षापूर्वी एका दुपारी, डोकं ठणकत असताना, ती पलंगावरूनच ओरडली होती, “आजोबा, पुरे करा ना ती किरकिर!”

दुसऱ्या दिवशी व्हायोलिन घरात नव्हतं. “दुरुस्तीला दिलंय,” आजोबा म्हणाले. ते परत आलंच नाही. आजोबा चार वाजता फिरायला जाऊ लागले. तिने दोनदा माफी मागायचं ठरवलं, दोन्ही वेळा जीभ रेटली नाही, आणि मग एका सकाळी आजोबा उठलेच नाहीत. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यातून रविवारी आजोबांच्या आठवणींची सभा होती आणि आत्याने फर्मान काढलं होतं: “अगं, त्यांची लाडकी तू. तूच बोलायचं.” किरकिर म्हणणारी ती तिथे उभं राहून कोणत्या तोंडाने बोलणार होती?

“हे इथे कसं?” तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

त्या तरुण व्हायोलिनवाल्याने हातातल्या फडक्याला चार घड्या घातल्या. “ते... मला सांगता यायचं नाही.”

“म्हणजे?”

“डॉक्टर म्हणाले होते, या दुकानात मी रुग्ण आणि तू डॉक्टर. आणि रुग्णाचं दुखणं डॉक्टर बाहेर बोलत नसतो. मी शब्द दिलाय त्यांना.”

“अहो, ते गेलेत!”

“तेच तर. आता शब्द परत कुणाकडून घेऊ?” तो कळवळून म्हणाला. “दोनदा तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो... कडीला हात लावला, आणि माघारी फिरलो.”

असला सज्जन मूर्ख तिने जन्मात पाहिला नव्हता. तिला चीड आली, आणि चिडता चिडता रडू आलं. दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसून तिने किरकिरपासून सगळं सांगून टाकलं. “माझ्यामुळे त्यांनी वाजवणं सोडलं,” ती म्हणाली. “माझ्या एका शब्दामुळे.”

“सोडलं?” तो चकित होऊन बघतच राहिला. “ते तर रोज इथे वाजवायचे!”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण सुटलेला शब्द कुठे परत येतो? निमूटपणे त्याने खण उघडला आणि कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक वाद्याला आजोबा आधी तपासायचे. पोटातली पट्टी सैल झालेली, सांधा उकललेला... स्टेथोस्कोपला सगळं कळायचं. मग दवाखान्यात लिहायचे तसा केसपेपर. “पण खरं सांगू?” व्हायोलिनवाला ओशाळून म्हणाला. “मला यातलं अक्षरही लागत नाही. मी आपला मान डोलवायचो.”

तिला लागत होतं. लहानपणापासून आजोबांच्या चिठ्ठ्या औषधाच्या दुकानात वाचून दाखवायचं काम तिचंच होतं. ती कागद उलटत गेली आणि एका कागदाशी थांबली.

‘रुग्ण : मी. वय : ऐंशी उलटले. तक्रार : डाव्या हाताची बोटे आखडतात, सूर घसरतो. घरात सगळे जन्मभर वा वा करत आले. नातीने एका शब्दात निदान केले. अचूक! फार बरे वाटले. उपचार : रोज चार वाजता सराव, घराबाहेर. पोरीची झोप मोडता कामा नये.’

तिने ते दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. ‘फार बरे वाटले’पाशी तिचा आवाज फुटला, आणि ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. आजोबा रागावले नव्हते. मुळीच रागावले नव्हते! तीन आठवडे छातीवर बसलेलं ओझं असं उतरलं की तिला क्षणभर गरगरलंच.

“पाणी?” तो म्हणाला.

“नको. थांबा. इथे तुमचाही कागद आहे.”

“माझा? मी कधी आजारी होतो?”

“‘रुग्ण : दुकानदार,’” ती नाक पुसत वाचू लागली. “‘तक्रार : नातीचा विषय निघाला की कान तांबडे होतात. मुलगी अजून पाहिलेली नाही. उपचार... सध्या नको.’”

व्हायोलिनवाल्याचे कान बघता बघता तांबडे झाले. त्याने उगाच एक पक्कड उचलली, मग ठेवली, मग पुन्हा उचलली.

“लक्षणं कायम आहेत,” ती म्हणाली.

“ते... दुकानात उकडतंय जरा.”

“हो ना! वाऱ्याने छत्री मोडली माझी, इतकं उकडतंय.”

दुसऱ्या दिवशी ती चार वाजता पुन्हा गेली. कागद वाचून द्यायला, असं तिने आत्याला सांगितलं. आणि त्यात खोटं काय होतं? वीसेक कागद होते, आणि ती दिवसाला चारच वाचत होती. ती वाचायची, तो वाद्याच्या सांध्यांना सरस लावता लावता ऐकायचा, आणि मध्येच एखादी आठवण काढायचा. आजोबा चुकले की स्वतःलाच शिव्या घालत. बरं वाजलं की खिडकी उघडत, म्हणजे रस्त्यालाही कळावं. तो सांगताना हातांनी बोलायचा आणि हातातलं काम विसरायचा. मग ती म्हणायची, “सरस वाळतोय,” आणि तो म्हणायचा, “वाळू दे.” घरी जाऊन ती गाढ झोपायची. किती दिवसांनी!

रविवारी सभागृह भरून गेलं. आत्याने तिला कोपराने ढोसलं. ती उठली, समोर पाहिलं, आणि लिहून आणलेला कागद तिने बाजूला ठेवला.

“मी आजोबांच्या वाजवण्याला किरकिर म्हटलं होतं,” ती म्हणाली.

आत्याने डोक्याला हात लावला. आणि मागच्या रांगेतून दवाखान्याच्या म्हाताऱ्या कंपाउंडरचा खणखणीत आवाज आला, “होतीच ती! मी चाळीस वर्षं ऐकली!”

सगळं सभागृह हसलं. मग कोण थांबतंय? एकीने सांगितलं, बाळंतपणात डॉक्टरांनी तिला गाणं म्हणायला लावलं होतं. एक म्हातारा म्हणाला, “माझं हृदय तपासून म्हणाले, ठेका चुकतोय तुमचा, गोळी घ्या.” लोक हसत होते, डोळे पुसत होते. तिने किरकिरीची पुढची सगळी गोष्ट सांगितली, केसपेपरसुद्धा वाचून दाखवला, आणि खाली बसली तेव्हा आत्याने तिचा हात घट्ट धरून ठेवला.

बाहेर पडताना व्हायोलिनवाला दाराशी उभा होता. अंगात नवा सदरा, कान आधीच तांबडे.

“मला काही सांगायचंय. आत्ताच.”

“आत्ता? आत्या हाका मारतेय—”

“आत्ताच. मागच्या खेपेला गप्प बसलो, तर तुमची तीन आठवड्यांची झोप गेली. पुन्हा तसं करायचं नाहीये मला.” त्याने श्वास घेतला. “मला तुम्ही आवडता. डॉक्टर सांगायचे ती नात नव्हे... तुम्ही. स्टेथोस्कोपात ओरडणाऱ्या.”

तिचं हृदय एवढ्या जोरात धडधडायला लागलं की समोरच्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. पण त्याला थोडं ताटकळत ठेवायची संधी ती कशी सोडेल?

“मी तोंडावर खरं बोलते. माहीत आहे ना?”

“आहे,” तो म्हणाला. रंग पार उडाला होता बिचाऱ्याचा.

“मग ऐका. मलाही.”

“मलाही... म्हणजे?”

“म्हणजे मला तुम्हीच आवडता. अजून किती स्पष्ट सांगू?”

त्याने सोडलेला सुस्कारा रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण फाटकाशी उभ्या आत्याने वळून पाहिलं. “अगं, येतेस ना?”

“तू हो पुढे, आत्या,” ती त्याच्याकडेच बघत म्हणाली. “मला वेळ लागेल.”