व्हीलचेअर लागणार नाही, मॅडम

ही घटना माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली आहे. पटो न पटो, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. तेव्हा ती इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला राहायची आणि मीही तिथेच होतो.

फेब्रुवारी २००६. मंगळवार, भर दुपार.

सुचेतामावशीचे यजमान, जयंतकाका, हॉस्पिटलमध्ये होते. कॅन्सर. "दोन आठवडे, फार तर तीन," असं डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

काकांची एकच इच्छा होती. समोरच्या बेटावरचा, राणी व्हिक्टोरियाचा समुद्राकाठचा राजवाडा बघायचा. तीस वर्षं त्यांनी इथल्या बंदरात काढली. फेरीने तासाभराची वाट. पण "पुढच्या समरला जाऊ" म्हणत राहूनच गेलं.

"अहो, मी नेते तुम्हाला. या शनिवारीच," मावशी म्हणाली.

तिने फेरीचं टाइमटेबल आणलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचं नर्सला विचारून ठेवलं. मग घरी येऊन राजवाड्याच्या ब्रोशरवरचा नंबर लावला.

बराच वेळ रिंग वाजली.

कुणीतरी फोन उचलला. पण बोलणं नाही... नुसता लाटांचा आवाज.

"हॅलो? आम्हाला दोघांना यायचंय. मिस्टर आजारी आहेत. व्हीलचेअर मिळेल का?"

"व्हीलचेअर लागणार नाही, मॅडम." म्हातारा, अदबशीर इंग्रजी आवाज. "साहेब आलेत. खाली पाण्याजवळ बसलेत."

"कोण साहेब?"

"तुमचे. जरा गारठलेत... पुढे पाठवू का त्यांना?"

मावशी फोनमध्ये ओरडलीच.

"नको! बसवून ठेवा त्यांना. मी येईपर्यंत कुठे जाऊ देऊ नका. प्लीज!"

"जशी आपली इच्छा."

फोन बंद.

मावशी टॅक्सी करून हॉस्पिटलमध्ये धावली.

काका बेडवरच होते. श्वास चालू. डोळे उघडे... पण नजरेत कुणी नव्हतं.

तिने हाका मारल्या. हात चोळले. हात बर्फासारखे.

"अर्ध्या तासापासून असेच आहेत," नर्स म्हणाली.

तीन आठवडे गेले.

चार. सहा.

डॉक्टर चक्रावले. अंगावर मांस राहिलं नव्हतं. कूस बदलली तरी घशातून कण्हणं यायचं. पण जीव काही जाईना.

मावशी रोज तो नंबर लावायची. रोज तोच रेकॉर्ड केलेला मेसेज. राजवाडा हिवाळ्यासाठी बंद आहे, एप्रिलमध्ये उघडेल. त्या मेसेजपुढेच ती रडायची. "सोडा हो त्यांना... मी चुकले."

शेवटी तिने मला सगळं सांगितलं.

"परीक्षित, मीच अडकवून ठेवलंय रे त्यांना."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच फेरीने बेटावर गेली. मी काकांच्या उशाशी बसलो.

तिकडे राजवाड्याचं गेट बंद होतं. आसपास चिटपाखरू नाही. वारासुद्धा पडलेला.

"अहो, मी आलेय..." ती गजांना धरून म्हणाली. "निघा आता. मी अडवणार नाही."

काहीच नाही.

आणि मग... आतल्या वाटेवरची खडी वाजली.

करकर... करकर...

एक पाय ओढत कुणीतरी येत होतं. ऑपरेशन झाल्यापासून काका असेच चालायचे.

पावलं गेटपाशी येऊन थांबली. समोर कुणीच दिसत नव्हतं.

मावशीने गजांतून हात आत घातला.

तो कुणीतरी धरला. गार, हाडं झालेली बोटं. तिने ती ओळखली. आयुष्यभर हातात घेतलेली.

"या," ती कशीबशी म्हणाली.

बोटं सुटली.

इकडे माझ्यासमोर काकांनी एक मोठा श्वास घेतला. पुढचा घेतलाच नाही. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी फोन केला. काही बोलायच्या आधीच मावशी म्हणाली, "कळलं रे मला."

लोक म्हणतात, सुटले बिचारे. मीही तिला तेच सांगत आलो.

पण मागच्या महिन्यात तिने उरलेलं सांगितलं.

बोटं सुटल्यावर पावलं परत फिरली. खाली, समुद्राकडे. आणि जाताना ती एकट्याची नव्हती. ओढत्या पायाच्या शेजारी आणखी दोन पावलं वाजत होती. जड... घाई नसलेली. आणि काका मध्येच थांबले की तीही थांबायची, मग ओढत्या पायाची खडी पुन्हा वाजू लागायची... आधीपेक्षा भरभर.

माझा हात घट्ट धरून मावशीने विचारलं,

"परीक्षित, मी त्यांना कुणाच्या हाती दिलं रे?"