जिन्यावरची तिरकी काच

"एका खिडकीसाठी किती फेऱ्या मारायच्या माणसानं," आत्या काउंटरमागे पुटपुटली. "आला बघ. तिसऱ्यांदा."

भाचीने ऐकलंच नसल्यासारखं दाखवलं. दुकान काचेचं. आत्या गिऱ्हाइकं सांभाळी, भाची काच कापी, आणि तीही इतकी काटेकोर की आत्याने तिचं नाव काटकोन ठेवलं होतं.

फेऱ्या मारणारा तो एक सुतार. त्याची खिडकी जिन्यावरची, तिरपी, तिकोनी. तिन्ही बाजू तीन तऱ्हांच्या. पहिल्यांदा त्याने चिठ्ठीवर नुसते तीन कोन लिहून आणले. त्याच्या पापणीवर लाकडाचा भुसा होता, त्यामुळे काटकोनही बाजू विचारायला विसरली. अंदाजाने कापलेली काच आकाराने हुबेहूब निघाली, पण इतकी लहान की चौकटीतून सरळ पलीकडे गेली.

"कोन जुळले म्हणजे तोंडवळा जुळला," तिने त्याला सुनावलं. "बापलेकाचं नाक सारखं असलं म्हणून लेकाचा सदरा बापाला होतो का?"

दुसऱ्यांदा त्याने दोन बाजू आणि एक कोन आणला, पण भलत्याच कोपऱ्याचा. आखायला घेतलं तर दुसरी बाजू पायाला दोन ठिकाणी टेकली आणि दोन त्रिकोण तयार झाले. तिने एक कापला. खिडकी अर्थातच दुसरी होती.

"दोन बाजूंच्या मधला कोन हवा होता."

"मधलं तेवढं…" तो गंभीरपणे म्हणाला, "माझं नेहमी राहून जातं."

काटकोनने मान खाली घातली. आत्याने वर केली.

आज मात्र त्याने तिन्ही बाजू आणल्या होत्या. आणि एक बातमी. सोमवारी तो दुसऱ्या गावी चालला होता, दोन वर्षांच्या कामावर.

काटकोनने कागद पसरला. पाया आखला. त्याच्या एका टोकाशी त्याने दुसऱ्या बाजूएवढी दोरी अंगठ्याने दाबून धरली, तिने दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून फिरवली. मग पायाच्या दुसऱ्या टोकाशी तसंच, तिसऱ्या बाजूच्या मापाने. हात हाताला लागला, दोरी सैल पडली, पुन्हा ताणावी लागली. दोन कमानी वर भेटल्या… आणि खालीही.

"पुन्हा दोन झाले," तो जरा आशेने म्हणाला.

"घडी घाला."

त्याने पायावर घडी घातली. उजेडात धरली. रेघेवर रेघ बसली.

"एकच आहे," ती म्हणाली. "तिन्ही बाजू ठरल्या की त्रिकोणाला दुसरं काही होताच येत नाही."

"म्हणजे काच बसणार?"

"बसणारच."

दोघांचे चेहरे असे, की जणू काच आधीच फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार काच काखेत घेऊन दारात. बसली नव्हती. काटकोन एकदम कपाट पुसू लागली.

आत्याने चष्मा लावला. कालचा कागद काचेवर ठेवला. काच तिन्ही बाजूंनी बोटभर मोठी होती. बारा वर्षांत जिचा हात केसभर चुकला नव्हता, तिच्याकडे आत्याने बघितलं. मग चौकटी करून पोट भरणाऱ्या, आणि तरीही माप विसरणाऱ्या त्या माणसाकडे. दोघंही जमिनीकडे बघत होते.

"मुद्दाम मोठी कापलीस, छाटली की बसेल; म्हणजे काच वाचवायची अक्कल शिल्लक आहे," आत्या भाचीला म्हणाली. मग सुताराकडे वळली. "तुम्हाला माप घेता येतं, हिला कापता येतं. बोलता मात्र दोघांनाही येत नाही, म्हणून मीच सांगते. हिला तुम्ही आवडता आणि तुम्हाला ही. आता सोमवारच्या आत काय ते ठरवा."