मॉरिसच्या चार टोप्या

अब्बांची जुनी मॉरिस गाडी मार्केट यार्डच्या फाटकासमोर, नेमकी कोथिंबिरीच्या टेम्पोपुढे बंद पडली नसती, तर बिलकिस अमीनच्या गॅरेजकडे कधी फिरकली नसती. फेब्रुवारीतला शुक्रवार होता. ती शिकवायची ती येरवड्याची शाळा शुक्रवारी दुपारीच सुटली की ती अब्बांना त्यांच्या कांद्याच्या गाळ्यावरून घरी न्यायची. त्यांना हल्ली नीट दिसत नसे. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. समोरच्या गॅरेजातून खांद्यावर फडकं टाकलेला एक उंच माणूस आला, त्यानं बॉनेट उघडलं आणि हसला.

"प्लगच्या टोप्या कुणी बसवल्यात?"

"मी. का?"

"छान बसवल्यात. फक्त दुसऱ्या गाडीच्या आहेत."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वायरींच्या टोकाच्या त्या टोप्या आतून सैल होत्या. खड्डा आला की एखादी निसटायची आणि गाडी लंगडायची.

"बरोबर मापाच्या मुंबईहून मागवतो," अमीन म्हणाला. "तोवर दर शुक्रवारी आणत जा. आवळून देईन."

मग शुक्रवारामागून शुक्रवार गेले. टोप्या काढण्याआधी तो चारही वायरींना दोऱ्याच्या गाठी मारायचा – पहिलीला एक, चौथीला चार – म्हणजे अदलाबदल नको. गाठी मारताना त्याची बोटं उगाच रेंगाळतात, असं तिला वाटायचं. कदाचित... नसतीलही.

"आल्या का टोप्या?"

"वाटेत आहेत."

"चालत निघाल्यात वाटतं?"

"खंडाळ्याचा घाट आहे... दम लागतो."

ती घरापर्यंत हसत जायची. त्या हसण्यावर तिनं दोन स्थळं मोडली. एकाचं नाक नावडलं म्हणून, दुसऱ्याचं गाव लांब म्हणून. अमीन मात्र टोप्यांपलीकडे एक अक्षर बोलला नाही. त्याला फक्त गाडीचीच काळजी असेल, तर आपण कशाच्या भरवशावर बसलोय? तिसऱ्या स्थळाच्या वेळी ती गप्प राहिली, आणि अब्बांनी ते गप्प राहणं म्हणजे होकार धरला.

नोव्हेंबरात ती गॅरेजात आली तेव्हा गाडीतून उतरलीच नाही.

"आज नीट करून द्या. पुढच्या शुक्रवारी मी नसेन. सोलापूरला निकाह आहे माझा. गाडीही विकतायत अब्बा... चालवणार कोण?"

अमीन आत गेला, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून एक पुडी घेऊन आला. बॉनेट उघडून, पुडीचा कागद मडगार्डवर ठेवून त्यानं गाठी मारल्या आणि एकेक टोपी दाबली. टक्. असा घट्ट आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता. ती उतरून जवळ आली. कागद वर्तमानपत्राचा होता. तारीख, बारा मार्च.

"या मार्चपासून इथे आहेत?"

"हो."

"आठ महिने?"

"बसवल्या असत्या, तर तुम्ही आला नसतात."

"आले असते. नुसतं विचारायचं होतं. दोन स्थळं मोडली मी, अमीन. तिसरंही मोडलं असतं... तुमच्या एका शब्दावर."

"आणि आता?"

"आता अब्बांनी शब्द दिलाय. पत्रिका वाटून झाल्या. या वयात त्यांना मान खाली घालायला नाही लावणार मी."

त्यानं पहिल्या वायरीच्या दोऱ्याला बोट लावलं. "गाठी सोडू? आता काम नाही त्यांचं."

"राहू देत," ती म्हणाली.

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. गाळ्यावरून अब्बांना घेतलं आणि गुलटेकडीच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा तिनं मुद्दाम चाकाखाली घेतला. एकदा तरी अडखळ... मागे फिरायला तेवढं निमित्त पुरलं असतं. गाडी अडखळली नाही.

"आज काय सुरेख चालतेय गं," अब्बा खूश होऊन म्हणाले.

"हो अब्बा," बिलकिस समोर बघत म्हणाली. "टोप्या मिळाल्या."