कोचीनचा निरोप

"पुट मी थ्रू," कोचीनचे साहेब म्हणाले, आणि माझी वाचाच बसली.

साल १९८४. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात गेल्या होत्या. मी, राही, रत्नागिरीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या कचेरीत, शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. देवरूखच्या शाळेत इंग्रजीत वर्गात पहिली येणारी मुलगी मी, आणि हे तीन शब्द मला कळेनात... पुट म्हणजे ठेवणे. मग ह्यांना मी ठेवू कुठे?

"बाई, जोडून द्या म्हणतायत," लाइनच्या दुसऱ्या टोकाहून कोणीतरी हळूच म्हणालं. आवाजात हसू होतं, पण टर उडवणारं नव्हतं.

तो रघू. मिरकरवाड्यातल्या एका मासळी कंपनीत कारकून. कोळंबीच्या किती पेट्या धाडायच्या हे विचारायला तो रोज दहा वाजता कोचीनचा कॉल मागायचा. दोन वर्षं जहाजावर काढल्यामुळे इंग्रजी त्याच्या जिभेवर बसलं होतं. लाइन मिळेपर्यंत वेळ जायचा, आणि तेवढ्यात तो मला शिकवू लागला. स्पीक अप म्हणजे मोठ्याने बोला. कट ऑफ म्हणजे बोलता बोलता लाइन तुटणं. होल्ड ऑन म्हणजे जरा थांबा.

"शब्द सुटे करून अर्थ लावू नका," तो म्हणायचा. "जोडी अख्खी पाठ करा."

"जोड्यांचा फार नाद दिसतो तुम्हाला."

"जमली एखादी तर..." एवढंच म्हणून तो थांबला. माझे कान तापले होते, आणि ते हेडफोनमुळे नव्हते.

त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. तरी दहाला पाच मिनिटं कमी असली की माझा हात केसांकडे जायचा. काय म्हणावं ह्या वेडेपणाला!

नोव्हेंबरात परीक्षा आली. नापास झाले तर देवरूखला परत, आणि तिथे माझ्या वडिलांनी, आप्पांनी, दोन स्थळं तयारच ठेवली होती. सुपरवायझर मालनबाई दुसरा हेडफोन लावून माझ्या शेजारी बसल्या. नेमका कोचीनचाच कॉल आला आणि लाइन इतकी खराब की दोघांना मी ऐकू येत होते, पण एकमेकांचा आवाज नाही. अशा वेळी ऑपरेटरने मधे राहून निरोप सांगायचा असतो, जसाच्या तसा.

"वुई आर सेटिंग अप अ न्यू ऑफिस," साहेब म्हणाले. "आस्क हिम टू टेक ओव्हर फ्रॉम द फर्स्ट. आय कान्ट पुट इट ऑफ."

शब्द न् शब्द कळला. न कळता तर बरं झालं असतं! कोचीनला नवं ऑफिस, रघूने एक तारखेपासून ते सांभाळायचं, आणि साहेबांना ते लांबवता येणार नव्हतं. क्षणभर वाटलं, सांगूच नये. पण त्याचं नशीब मी कोण अडवणार? सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

रघू म्हणाला, "त्यांना सांगा, माझं उत्तर एका मुलीच्या हाती आहे."

मुलगी? कुठली मुलगी? तरीही ते वाक्य मी इंग्रजीत कोचीनला पोचवलं, आणि साहेब साहजिकच म्हणाले, मग विचार ना तिला.

"तेच विचारतोय," रघू म्हणाला. "राही, मी जाऊ?"

शेजारी कोण ऐकतंय हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. लाइनवर खासगी बोलायची सक्त मनाई. मालनबाईंचा आ वासलेला. कोचीनचे साहेब हॅलो हॅलो करतायत.

"होल्ड ऑन, सर," मी म्हणाले. मग मराठीत, एका दमात, "जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात."

तो इतका जोरात हसला की खरखरही दबली. मग साहेबांना मी म्हटलं, "ही इज टर्निंग इट डाऊन, सर." नाकारतोय, म्हणजे. हे त्याने शिकवलं नव्हतं, माझं मीच पुस्तकातून शोधलं होतं.

मालनबाईंनी हेडफोन काढला. "इंग्रजी उत्तम बोलतंस," त्या म्हणाल्या. "पण खासगी बोललीस, म्हणून अजून तीन महिने शिकाऊच. त्याला बघितलायस तरी का गो?"

"नाही."

"अगो बाय माझे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

दोन वाजता ड्युटी संपली. फाटकाशी सायकल धरून एक जण उभा होता. त्याने "राही?" म्हटलं आणि मी ओळखलं, रघू. आवाजावरून मी उंचापुरा माणूस कल्पिला होता. हा माझ्याएवढाच, जाड चष्म्याचा, बर्फाच्या पाण्याने विजार गुडघ्यापर्यंत ओली. तोही माझ्याकडे डोळे फाडून बघत होता.

"अजून कोचीनला कळवता येईल," तो घाबरत म्हणाला. "मला पाहून... तुमचं मत बदललं असेल तर."

"नाही बदललं," मी म्हणाले, आणि भर रस्त्यात त्याचा हात धरला. दिवसभरातला सगळ्यात मोठा धक्का मला माझ्याच हाताने दिला.